चिंधी लावलेला बाक

मी एक जुना बाक आहे. ब्लांटायरच्या मोठ्या मैदानात, मलावीच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या कपडे बदलायच्या खोलीत मी असतो. मित्रांनो, मी मोडलेलो नाही. तरी नऊ वर्षं माझ्यावर कोणी बसलं नव्हतं. का, ते सांगतो, आणि कोणाची भीड न ठेवता सांगतो.

मला चिलोम्बो सुताराने तांबड्या, कडक लाकडातून घडवलं. अकरा जण मावायला लांबी किती हवी? त्याने आपले सात भाऊ आणि चार शेजारी अंगणात ओळीने बसवले आणि दोरीने माप घेतलं. असा माणूस!

खोलीची फरशी मात्र वाकडी होती. माझा एक पाय टेकेना. चिलोम्बोने जुन्या सदऱ्याची बाही फाडली, तिच्यात लाकडाचा भुसा भरून गाठ मारली आणि पायाखाली सारली.

"आता हलून दाखव," तो मला म्हणाला. मी हललो नाही.

मग सुखाचे दिवस आले. खेळाडू घामेजलेले येऊन टेकायचे. कप्तान मैदानात जाताना शुभ म्हणून माझ्यावर तीनदा बोटांनी टकटक करायचा. भिंतीपलीकडून लोकांची गाणी ऐकू यायची. 'बाकाचा पायगुण चांगला,' असं सगळे म्हणायचे.

एकदा आम्ही घरच्या मैदानावर चार गोलांनी हरलो. हरणारच! पोरं परदेशातला सामना खेळून, चौदा तास बसमध्ये आंबून थेट मैदानात उतरली होती. पण हे कबूल कोण करणार? दुसऱ्या दिवशी झाडताना, संघाचं सामान सांभाळणाऱ्या मांडा नावाच्या माणसाला माझ्या पायाखालची चिंधी दिसली.

"अरे देवा! गाठ मारलीय! करणी केलीय कोणीतरी!"

संघ चालवणाऱ्या साहेबांचे चेहरे काय खुलले! हरण्याचं खापर फोडायला कोणीतरी सापडलं. चिलोम्बोला बोलावणं गेलं.

"साहेब, बाक डुगडुगत होता हो. आत भुसा आहे, सोडून दाखवतो."

त्याने गाठ सोडली. भुसा सांडला.

"कसला भुसा, ते तुलाच ठाऊक! उचल आणि चालता हो," साहेब म्हणाले.

त्या दिवसापासून संघ बसमध्येच कपडे बदलू लागला आणि दार टाळून भिंतीवरून उड्या मारून मैदानात उतरू लागला. उड्या मारूनही हरलाच. चिलोम्बोला मात्र कोणी खुर्चीचं कामसुद्धा दिलं नाही. तो चेटक्या ठरला आणि चेटक्या म्हणूनच मेला. मी धुळीत, अंधारात, एका पायाने लंगडत राहिलो.

गेल्या वर्षी दार उघडलं. देशाच्या मुलींच्या संघाचा सामना होता.

"मुलींना द्या ती खोली, त्यांचं काय बिघडतंय!" बाहेर साहेब हसत होते.

मुली दाराशीच थबकल्या. एक तेवढी आत आली आणि माझ्यावर बसली. मी डुगडुगलो. ती तियामिके, चिलोम्बोची मुलगी. तिने पिशवीतून जुना मोजा काढला, घडी करून गाठ मारली आणि वाकली.

"अगं ए, पुन्हा गाठ?" गोलरक्षक थांडी ओरडली. "आज सामना आहे, बाई! तुलाही चेटकीण म्हणतील!"

"म्हणू देत. माझा बाप सुतार होता. बस इथे."

"आणि हरलो तर?"

"तर आपण हरलो. बाक कुठे खेळतो गं?"

कोणीतरी खुदकन हसलं. एकेक करून सगळ्या टेकल्या. थांडी शेवटी, अगदी कडेला.

त्या एका गोलाने हरल्या. परत आल्या तेव्हा मला वाटलं, आता मोजा उपसून फेकणार. त्या माझ्यावर बसून रडल्या, पाणी प्यायल्या, पण एकीनेही खाली वाकून माझ्या पायाकडे बघितलं नाही. जाताना थांडीने माझ्यावर तीनदा बोटांनी टकटक केली.

मग कुलूप लागलं. ते आजवर आहे.

मित्रांनो, कोणाला अपशकुनी म्हणण्याआधी एकदा फरशी तपासा. आणि या खोलीत कधी आलात, तर तो मोजा काढू नका. बापाच्या नावासाठी तो तिथे लावलाय.