माझ्यावर पडलेली सावली

मित्रांनो, मी एक जुना सोलर पॅनल. कोपऱ्यात काच तडकलीय, कबुतरं मला स्वतःची बैठक समजतात, पण सूर्य वर आला की अजून मी थक्क होतो. एवढी आग, तीही फुकट, आणि कसलाच रुबाब नाही.

कारखान्यात मी बनलो आणि थेट योजनेत गेलो. सरकार म्हणालं, कोळशाचा बॉयलर तोडा, तोडल्याचा फोटो दाखवा, अर्ध्या किमतीत पॅनल घ्या. लाँड्रीवाल्या मावशीने घण घेऊन स्वतःच्या हाताने बॉयलर फोडला. आम्ही भावंडं तिच्या गच्चीवर चढलो. आमच्या विजेवर खाली पाणी तापायचं, त्यात दवाखान्याच्या चादरी गरगरायच्या. मावशी रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसायची. "चल बाबा, लाग कामाला."

मग समोर एक इमारत वाढायला लागली. मजल्यावर मजला, थांबायचं नावच नाही. कुणाची, माहितेय? ज्या खात्याने मला इथे बसवलं, त्याच खात्याचं नवं ऑफिस. दुपार व्हायच्या आत तिची सावली माझ्यावर चढायची. पाणी कोमट, डाग तसेच. दवाखान्याने सांगून टाकलं, महिनाभर बघू, नाहीतर दुसरी लाँड्री. आणि बॉयलर तर केव्हाच भंगारात गेलेला.

तक्रारीला उत्तर आलं, पॅनलमध्ये दोष नाही. डोकं फिरलं माझं. माझ्यात दोष आहे असं म्हणालं होतं कोण?

मावशीची लेक भडकली. "आई, दगड घे आणि चल."

"दगड नको. खुर्ची आण."

मावशीने पुन्हा तक्रार केली. त्या खात्याचे साहेब तपासणीला आले, तेव्हा मावशीने माझ्या शेजारी खुर्ची मांडली.

"बाई, ऊन तर मस्त आहे. अडचण काय?"

"बसा ना जरा. पाणी घ्या."

साहेब बसले. सावली आधी बुटांवर आली, मग गुडघ्यांवर, मग टक्कल झाकलं. त्यांनी मान वर केली. समोर त्यांचंच ऑफिस, त्यांचीच खिडकी.

लेक म्हणाली, "गार वाटतंय ना, साहेब?"

मला वाटलं, झाली टोलवाटोलवी सुरू. हे त्या विभागाचं, ते ह्या विभागाचं. पण साहेब उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मावशी, चूक आमची आहे. निस्तरायचीही आम्हीच."

मित्रांनो, सूर्य मी रोज बघतो. असं काही बघितलं नव्हतं. अंगावर पूर्ण सावली होती, तरी माझी काच तापली.

पुढे आम्हाला उन्हात हलवायच्या मंजुरीसाठी मावशीला खेटे घालावे लागले, ते चुकले नाहीत. पण तोवर खात्याने स्वतःच्या खर्चाने हीटर लावून दिला आणि दवाखाना टिकला. आता आम्ही सगळी भावंडं त्याच ऑफिसच्या माथ्यावर आहोत. तिथून वायर खाली लाँड्रीत जाते. मावशी धापा टाकत फडकं घेऊन वर येते. जिन्यात साहेब भेटले तर तेच बाजूला सरकतात.

तुमच्याही गच्चीवर माझं कुणी भावंड असेल, तर त्याला पुसत जा. आणि दारात नवी योजना घेऊन कुणी आलं, तर खुर्ची द्या, पाणी द्या, आणि सावली येईपर्यंत उठू देऊ नका.