भट्टीबाहेरचा वाद

माझा भाऊ आणि माझा नवरा एका खोलीत बसले की तिसऱ्या वाक्याला बॉक्सिंग येतं. आमच्या लग्नाच्या दिवशी फोटोग्राफर खोळंबला होता, कारण नवरदेव आणि त्यांचा मेहुणा कोपऱ्यात मुठी आवळून एकमेकांना कसला तरी डावा ठोसा समजावत होते. तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. अक्कल नव्हती, दुसरं काय.

वाद एकच. आशियातला आजवरचा सगळ्यात मोठा बॉक्सर कोण? पॅकियाओचं नाव कुणी काढलं की दोघंही हात झटकतात. आठ वजनी गटांत जगज्जेता झालेल्या माणसावर काय वाद घालायचा, तो आहेच, त्याच्याखाली कोण ते बोला. मग भाऊ हरादाला पुढे करतो, ज्याने दुसऱ्या कुणाकडूनच न हरलेल्या जोफ्रेला दोनदा हरवलं. नवऱ्याचा माणूस पांचो व्हिया, शंभर वर्षांपूर्वीचा, आशियातला पहिला जगज्जेता. वीस वर्षं हे दळण चालू आहे आणि एकाचंही मत केसभर हललेलं नाही. माझ्या धाकट्या लेकीच्या भिंतीवर मेरी कोमचं चित्र आहे. तिला आजवर कुणी विचारलेलं नाही.

तिला सगळे बारकी म्हणतात. घरातली शेवटची म्हणून बारकी. आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं. उंची वाढली तसं वजन वाढलं. मामा तिचा कोच. त्याला स्वतःला कधी कुणी संघात घेतलं नाही, ते उट्टं तो भाचीकडून काढायला निघाला होता. निवड व्हायची तर सगळ्यात खालच्या गटातून, असं त्याने ठरवून टाकलं होतं. वरच्या गटातली एक पोरगी बारकीला दोनदा भारी पडली होती. मी म्हणायचे, अरे, अंगाला जे वजन आहे त्यात खेळू दे तिला. तो म्हणायचा, "ताई, तुला यातलं कळत नाही." नवरा काहीच म्हणायचा नाही. आमच्याकडे त्याला होकार समजतात.

आमची लाँड्री आहे. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, टॉवेल. मागच्या अंगाला कपडे वाळवायची बंद खोली आहे, तिला आम्ही भट्टी म्हणतो. बॉयलरची गरम हवा पंख्याने आत सोडलेली असते. ओली चादर तिथे बघता बघता कडक होते. मी काही काढायला आत गेले तरी श्वास धरून जाते आणि पळत बाहेर येते.

त्या दिवशी संध्याकाळी निवड चाचणीचं वजन व्हायचं होतं आणि बारकी पाऊण किलोने जास्त भरत होती. आदल्या दिवसापासून तिच्या पोटात पाणी नव्हतं. बर्फाचा खडा तोंडात धरायचा आणि थुंकायचा, एवढंच. मामाने तिला प्लॅस्टिकचा सूट चढवला, टोपी कानावर ओढली आणि भट्टीत पाठवलं. दहा मिनिटं आत, मग बाहेर, अंग पुसायचं, काट्यावर उभं राहायचं, पुन्हा आत. त्याच्या गळ्यात दोरीला स्टॉपवॉच होतं. मी आदल्या रात्री भांडले होते, सकाळी भांडले होते, आणि मग गप्प बसले होते ती त्या घड्याळाकडे बघून. भावावर माझा विश्वास नव्हता. घड्याळावर होता.

ती तिसऱ्यांदा आत जाताना मी इस्त्रीच्या रोलरवर चादरी सोडत होते. तिने मला अंगठा दाखवला. ओठ पांढरे पडले होते. तेवढ्यात हॉटेलची गाडी आली आणि मी गाठोडी घेऊन बाहेर गेले. ड्रायव्हरने टॉवेल ओलसर लागतात म्हणून खुसपट काढलं. मी एक गाठोडं सोडून दाखवलं, पुन्हा बांधलं, त्याच्याशी हुज्जत घातली, मग आम्ही दोघांनी मिळून सगळी गाडी भरली. आत आले तर दोघांचा वाद रंगात आलेला. नवरा मधोमध उभा होता आणि गालावर मूठ दाबून पांचो व्हियाची सुजलेली दाढ वठवत होता. तोंड उघडत नाही, निम्मा चेहरा भोपळ्यासारखा फुगलाय, तरी गडी रिंगणात उतरला आणि सगळ्या फेऱ्या उभा राहिला, असला हरादा एक तरी दाखव. भाऊ गाठोड्यावर बसून घड्याळ बघत ऐकत होता.

मी विचारलं, बारकीला आत किती वेळ झाला?

"दोन मिनिटं," त्याने मान वर न करता सांगितलं. मग म्हणाला, "दोन मिनिटं दहा सेकंद. यांची पन्नास उरलीत."

माझ्या डोक्यात काही शिरेना. कुणाची पन्नास? भाऊ त्रासून म्हणाला की वाद नीट व्हावा म्हणून तीन-तीन मिनिटं ठरवली आहेत, एका फेरीची असतात तेवढी, आणि एक बोलत असताना दुसऱ्याने तोंड घालायचं नाही. दोन-दोन फेऱ्या झाल्या, तिसरीत त्याची तीन मिनिटं झाली, आता दाजींची चालू आहेत.

एवढं बोलला आणि त्याचं त्यालाच कळलं. त्याचा चेहरा मी बघितला. घड्याळ एकच होतं. ते शून्यावर आणून त्याने आधी स्वतःला वेळ लावली होती, मग माझ्या नवऱ्याला, आणि असं तीनदा. माझी लेक कुठल्याच घड्याळात नव्हती.

भट्टीचं दार नुसतं लोटलेलं होतं. हे मी कधी विसरणार नाही. आतून बोटाने ढकललं असतं तरी उघडलं असतं. ती रॅकला टेकून खाली बसली होती, हनुवटी छातीवर, हात मांडीवर मुठी करून. मामाने हाक मारेपर्यंत उठायचं नाही असं तिला शिकवलं होतं, आणि आमची पोरगी शब्दाची पक्की.

नवऱ्याने तिला खांद्याखाली धरून बाहेर ओढलं. मी कात्रीने तो प्लॅस्टिकचा सूट उभा फाडला. अंग तापलेल्या इस्त्रीसारखं, आणि वर घामाचा एक थेंब नाही. ओल्या चादरींचा ढीग होता तो सगळा मी तिच्यावर लोटला, तोंडावर गार पाणी मारलं. नवऱ्याला म्हटलं, उभे काय राहिलात, समोरच्या डॉक्टरांना घेऊन या. तो अनवाणी पळाला. भाऊ नुसताच उभा, हातात घड्याळ.

बराच वेळ काही नाही. मग तिने डोळे उघडले. मला बघून नाही, मामाला बघून.

"मामा, झाली का दहा?"

मी ग्लास भरून आणला, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ग्लास ओठाला लावला. तर भाऊ म्हणतो, आणि हे मी शब्दन् शब्द सांगते, "ताई, गिळू नको देऊ. गुळणी करून थुंकू दे. पाऊण किलो गेलं असेल गं."

मी त्याला मारलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं. पाठीवर घेऊन शाळेत सोडलेला भाऊ माझा, आणि त्या क्षणी मला तो माणूस म्हणून नकोसा झाला. डोक्यात तिडीक गेली. मी हळूच विचारलं, "त्या दाढवाल्याचं पुढे काय झालं रे?"

त्याने घड्याळाची दोरी बोटाला गुंडाळली.

"वीस वर्षं ऐकतेय. दाढ सुजली, तरी लढला. पुढे? बरी झाली का दाढ?"

उत्तर माझ्या मांडीवरून आलं.

"मेला तो, आई. दाढेतलं विष भिनलं. थोड्याच दिवसांत मेला. तेवीस वर्षांचा होता."

मी तिला विचारलं, तुला कुणी सांगितलं?

"सगळ्यांना माहीत असतं," ती म्हणाली.

म्हणजे एका मलाच माहीत नव्हतं. माझ्या घरात, माझ्या लाँड्रीत, माझ्या हातचा चहा पीत दोघांनी त्याची सूज हजारदा सांगितली आणि मरण एकदाही नाही. आणि पोरीला ते माहीत होतं, तरी ती आत बसून राहिली. मला तिचाही राग आला.

ग्लास मी तसाच धरला होता. ती पीत नव्हती. मामाकडे बघत होती. "पाणी प्यायले तर वर्ष गेलं माझं," असं म्हणाली आणि रडायला लागली. खांदे हलत होते, तोंड वाकडं झालं होतं आणि डोळे कोरडेठाक. रडायलाही अंगात पाणी शिल्लक नव्हतं.

मी तिला गाठोड्याला टेकवून बसवलं आणि उठून भावाच्या गळ्यातली दोरी ओढून काढली. घड्याळ शून्यावर आणलं आणि बटण दाबलं.

"घे तीन मिनिटं. तिने पाणी का प्यायचं नाही ते तिच्या तोंडावर सांग. मी मध्ये बोलणार नाही."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "बारके, हरादासुद्धा वजनासाठी..." एवढं त्याच्या तोंडून निघालं. मग त्याने तिच्या ओठांकडे बघितलं. त्यांना चिरा पडल्या होत्या आणि एका चिरेत रक्त सुकलेलं होतं. एरवी या माणसाला गप्प करायला लोकांना दिवे घालवावे लागतात. रोलर मागे रिकामाच फिरत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, तो काही तरी बोलेल म्हणून वाट बघत राहिली. तो बोललाच नाही.

मग तिने हात पुढे केला आणि माझ्याकडून ग्लास घेतला. निम्मं पाणी गळ्यावर सांडलं. उरलेलं ती प्यायली, थांबत थांबत, शेवटच्या थेंबापर्यंत. रिकामा ग्लास तिने माझ्याकडे दिला नाही. मामापुढे धरला.

"अजून आण," ती म्हणाली.

तो उठला आणि नळाशी गेला. ग्लास भरून वाहायला लागला तरी तो आमच्याकडे पाठ करून तसाच उभा. बाहेर नवऱ्याचा आणि डॉक्टरांचा आवाज आला. घड्याळ माझ्या मुठीत चालूच होतं. मी ते थांबवलं नाही, आणि त्याला परतही दिलं नाही.