तीन एक्के टाकले त्या दिवशी

हातात तीन एक्के असताना आमच्या मालकांनी पत्ते टाकले, आन् ते माझ्यामुळं टाकले. आधीच सांगते, म्हंजे मागनं कुनी म्हनायला नको की सरुबाईनं सोताचं तेवढं झाकलं.

छप्पन्न सालची दिवाळी. भाऊबीजेला माझा भाऊ चिमाजी ओवाळून घ्यायला तळवड्याला आला, तो एकटा न्हाई. संगं सांगवीचे यशवंतराव. त्यांचा थोरला पोरगा पिंपरीच्या नव्या कंपनीत लागलेला. महिन्याच्या महिन्याला पगार, भोंगा झाला की घरी. आन् आमच्या पोरीची, इंद्रायणीची, आधी दोन ठिकानं मोडलेली. एक पत्रिकेवरनं, एक उगाच. पानवठ्यावर बायका कुजबुजायला लागल्या व्हत्या, पोरीतच काय तरी आसंल म्हनून. ते कानावर आलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिसरं मोडलं तर पोरीचं नाव गावभर व्हनार, ह्ये मला धडधडीत दिसत व्हतं. संध्याकाळी सुपारी फोडायची ठरली व्हती. तेवढी फुटली की सुटले, असं झालं व्हतं मला.

जेवनं झाली. पान खाता खाता यशवंतराव म्हनाले, "दिवाळी हाय राव, बसायचं का तीन पानी?"

मालकांचे डोळे लकाकले. पत्त्यांत त्यांचा हात धरनारा आमच्याकडं कुनी न्हाई. मी त्यांना आत बोलावलं आन् बजावलं, "पाव्हन्याला हरवू नगा. चार पैसं जाऊ द्या. सोयऱ्याचं तोंड उतरवून सुपारी फुटत न्हाई."

"बरं," म्हनाले. पन तोंड कडू झालं त्यांचं.

पडवीत घोंगडी अंथरली. मालक अंगनाकडं पाठ करून, म्होरं यशवंतराव, मधी चिमाजी. यशवंतरावांच्या पाठीमागं सैपाकघराचं दार, तिथं इंद्रा उभी. मी मालकांच्या मागं, पानाचं तबक घिऊन. चवल्या-पावल्या पडत व्हत्या, मालक हरत व्हते. मी मनात देवाला हात जोडत व्हते.

मग तो डाव आला. मालकांनी तीन पानं उचलली, नखानं जराशी सारली, आन् मी मागनं बघितलं. बदामाचा एक्का, इस्पिकचा एक्का, किलवरचा एक्का. ह्याच्या वर काय न्हाईच. तीन पानी खेळनारं शेंबडं पोरगं बी सांगंल, ह्यो डाव मरत न्हाई. चिमाजीनं लगेच पत्ते टाकले. ह्ये दोघं चाल वाढवत गेले. मला वाटलं, मालक आता दोन चालींनी गप बसतील. पन माझं सांगनं पार इसरून गेले व्हते की काय, कोन जानं.

तेवढ्यात यशवंतरावांनी बोटातली सोन्याची अंगठी काढून घोंगडीवर टाकली.

"ही माझी चाल. तुमी हिऱ्या लावा."

हिऱ्या म्हंजे आमचा बैल. चाकणच्या शर्यतीच्या घाटात त्यानं दोन वर्सं गाडा पहिला आनलेला. गोठ्यात हिऱ्याच्या अंगावरनं हात फिरवल्याबिगर मालकांच्या गळ्याखाली घास उतरत न्हवता.

चिमाजी हसत म्हनाला, "आवो, खेळात कशाला बैल?"

"खेळच हाय की," यशवंतराव म्हनाले. "मर्दासारखा खेळायचा."

मालकांना भ्या कशाचं आसनार? तीन एक्के व्हते. हिऱ्या कुठंच जात न्हवता. अंगठीच इकडं येनार व्हती. पन व्याह्याच्या बोटातली अंगठी काढून घिऊन त्याच सांजंला त्याच्या पोराला पोरगी द्यायची? मानूस रागानं उठून गेला तर? मालकांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत इचारत व्हते, लावू का? लई आशेनं इचारत व्हते.

मी मान हलवली. न्हाई.

त्यांनी पत्ते पालथे टाकले. "तुमचा डाव, पाव्हनं."

यशवंतरावांनी आपली पानं उघडून दाखवली. गुलामाची जोडी! फकस्त गुलामाची जोडी! खदाखदा हसले, पैसं वढले, अंगठी बोटात घातली. मी म्हनलं, चला, मार्गी लागलं. पन मानूस हसायचा थांबला आन् चिमाजीकडं वळला.

"बैल लावायची येळ आली तर ह्यांचा हात आखडला. लग्नात काय सैल सोडनार? आमाला अशा चिंगूस घरात सोयरीक करायची न्हाई, चिमाजी."

मालक तरी बोलनार काय? पत्ते दाखवावे तर पाव्हन्याला मुद्दाम जितवलं ह्ये उघडं पडनार. त्यांच्या मानंची शीर तटतटून आली व्हती. आन् माझं डोकंच फिरलं. मी तबक ठिवलं, वाकले, आन् ते तीन पत्ते उलटे केले.

"बघा! बघा ह्यो चिंगूस मानूस!"

यशवंतराव एकेका एक्क्याकडं बघत राहिले. त्यांच्या तोंडाचा रंगच गेला.

"म्हंजे मला भीक घातली व्हय?" येवढंच म्हनाले. जिंकलेलं पैसं घोंगडीवर फेकून, वहाना घालून निघाले. चिमाजी रस्त्यापतूर मागं पळत गेला. सुपारी तबकात तशीच.

रातच्याला मालक जेवले न्हाईत. म्हनाले, "पत्ते उलटे केलेस त्याचं काय न्हाई. मान कशापायी हलवलीस?"

वैशाखात इंद्राला माणच्या बिजवराला दिली. दोन पोरांचा बाप. खर्चाला हिऱ्या इकला. पानवठ्यावरच्या बायका लग्नाला येऊन पोटभर जेवून गेल्या, मेल्या.

पुढल्या भाऊबीजेला इंद्रा आली, सवतीची दोन पोरं घिऊन. करंज्या तळता तळता मी तिला म्हनलं, "बाई, मी तुझ्या भल्यासाठीच मान हलवली व्हती."

ती झारा हलवत व्हती. म्हनाली, "आई, बापूंच्या हातात चांगलं पान आलं की त्यांचा गुडघा हलायचा थांबतो. मला दारातनं कळलं व्हतं. मी त्यांना हात करत व्हते, लावा म्हनून."

"तू?"

"व्हय. असला मानूस अंगठी गेल्यावर कसा वागतो, ते मला लग्नाआधी बघायचं व्हतं. लई हात केले गं, तुझं ध्यान पत्त्यांत. पन बापूंनी माझ्याकडं बघितलंच न्हाई. मान वळवून तुझ्याकडं बघितलं."

कढईतली करंजी करपली. धाकटं पोरगं येऊन तिच्या पदराला झोंबलं, "मावशी, मला दे की." ती त्याला फुंकून फुंकून भरवायला लागली.