पहिल्या दाताचे गहू

माझी तालीन चौदा महिन्यांची झाली तरी तोंडात एकही दात नव्हता. रडायचीही नाही. सैदा शहरातल्या आमच्या गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "नशीब काढलंस गं, किती गुणी पोर." मला त्या गुणाचीच धास्ती वाटायची.

मुलांना दात केव्हा येतात याचा अभ्यास करायला डॉक्टर लमीस घरोघर फिरत होत्या. माझ्याकडे आल्या तेव्हा मी तालीनला त्यांच्या मांडीवरच ठेवलं. "बघा हिला. काहीतरी बिनसलंय."

त्यांनी हिरड्यांवरून बोट फिरवलं. "तुमच्या गल्लीत सगळ्यांनाच उशिरा येतात, उम्म तालीन. कुणाला बाराव्या महिन्यात, कुणाला पंधराव्या. थांबा थोडं."

मी थांबले. शिकलेल्या बाईच्या शब्दावर अख्खा उन्हाळा काढला. तालीन बसेना. हातपाय गार. हाक मारली तरी मान वळवेना.

मग शेजारच्या उम्म वसीमने, म्हणजे वसीमच्या आईने, सनैनियेला बोलावलं. बाळाचा पहिला दात दिसला की आमच्यात गोड गहू शिजवून वाटतात. तिचा धाकटा माझ्याकडे बघून खिदळला. तोंडात चांगले सहा दात.

"हा पहिला दात होय गं?" मी विचारलं.

"पहिला सातव्यातच आला. पण बाप कुवेतला. तो आल्याशिवाय गहू कसे शिजवायचे?"

"थोरल्या वसीमचं डॉक्टरीणबाईंना काय सांगितलंस?"

"गहू वाटले तो दिवस. दुसरं काय लक्षात राहतं? सगळ्यांनी तेच सांगितलं. इथे कुणाचा बाप घरी असतो?"

म्हणजे उशीर दातांना नव्हता, गव्हांना होता. मी वाटी ठेवली, तालीनला उचललं आणि तडक इस्पितळ गाठलं.

तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. गळ्यातली ग्रंथी जन्मापासून कामच करत नव्हती. औषध काय, तर रोज एक बारकी गोळी.

"दात येतील आता," ते म्हणाले.

"आणि बाकीचं? चालणं, बोलणं? मला ओळखेल ना ती?"

ते गोळी कशी चुरायची तेच समजावत राहिले. मी पुन्हा विचारलं, मग पुन्हा. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"पोर जन्मली तेव्हाच सापडलं असतं तर गोष्ट वेगळी होती. निदान उन्हाळ्याआधी तरी दाखवायचं, बाई."

"दाखवलं होतं," मी म्हणाले.