दुसऱ्या शाखेचा कोड

१९८७ च्या श्रावणात जयगडच्या मथुरेने रत्नागिरीच्या बँकेत येऊन शाखेचा कोड मागितला. नवरा लवू बहारीनला गोदीत कामाला लागला होता. तिथली बँक कोडाशिवाय पैसे पाठवत नव्हती. परदेशी व्यवहार बघणाऱ्या हरिश्चंद्र सुर्व्यांनी यादीवर बोट ठेवून अक्षरं सांगितली. तिने ती लवूला धाडायच्या पत्रात उतरवून घेतली.

चार महिने सासूच्या खात्यावर काहीच जमा झालं नाही. मथुरा दर सोमवारी एसटीने यायची, सुर्वे मान हलवायचे. शेवटी लवूने पावत्या पाठवल्या. त्या घेऊन धाकटा दीर शिवा तिच्याबरोबर आला.

"साहेब, ह्यो कोड तुमचाच ना?"

पावती बघताच सुर्व्यांना आपली चूक कळली. त्यांनी यादीतली वरची ओळ वाचून दाखवली होती. पैसे दुसऱ्याच शाखेत जाऊन पडले होते. बढतीची मुलाखत पंधरा दिवसांवर होती, आणि मॅनेजर काचेपलीकडेच बसलेले.

"आमचा नाही हा. कोणी दिला?"

"तुमीच सांगितलात," मथुरा म्हणाली. "हितंच उभी रवून लिवलाय मी."

"बाई, दुसऱ्या शाखेचा कोड मी कशाला सांगू?"

शिवाने भावजयीकडे वळून पाहिलं. "थयं कुणाचं खातं काढलंस?"

तिने सुर्व्यांकडे पाहिलं. त्यांनी पुढच्या माणसाचं पासबुक ओढून घेतलं.

मुलाखत चांगली झाली. मग सुर्व्यांनी मुंबईला दोन ट्रंककॉल लावले आणि आठवड्यात सगळी रक्कम आली. ती काढायला शिवा आईला घेऊन आला.

"वहिनी नाही आल्या?"

"गुहागरला म्हायेरी धाडली. पोरगी आमी ठेवलीय. चोरी पकडली म्हणून तर तिनं पैसं परत केलान."

"मोजून घ्या," सुर्वे म्हणाले.

मार्चमध्ये मथुरा एकटीच आली. बढतीनंतर सुर्व्यांना केबिन मिळाली होती. ती आत येऊन समोर बसली.

"चूक बँकेची, येवढंच लिवून द्या. पोरगी दोन वर्षांची हाय माझी. तुमाला ठाव हाय, साहेब."

ती किती वाळली होती, ते सुर्व्यांना दिसत होतं. पण त्यांना कीव आली नाही, रागच आला. ही बाई आपल्याला सुखाने जगू देणार नाही, असं वाटलं. दार बंद होतं. ऐकायला तिसरं कोणी नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "मला माहीत आहे."

"मग लिवून द्या."

"नाही," सुर्वे म्हणाले, आणि तिला बाहेर काढण्यासाठी त्यांनी शिपायाची घंटा वाजवली.