नाकतोड्याची उडी आणि माझे तीन प्लेअर

मित्रांनो, मी जुना आहे हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे ते माझ्या तोंडावर म्हणायचा त्रास तुम्हाला नको. मी टेबलावर बसणारा संगणक आहे. माझा पंखा घरघरतो, पुढचं बटण आत गेलंय आणि ते पेन्सिलीच्या टोकाने दाबावं लागतं. पण माझी स्मरणशक्ती शाबूत आहे आणि स्वभाव फटकळ. काही बिघडलं की मी ते सरळ पडद्यावर लिहून सांगतो. वाचणारा मात्र नशिबाने मिळावा लागतो.

माझी उमेदीची वर्षं एका प्रवासी कंपनीच्या कचेरीत गेली. दिवसभर तिकिटं छापायची, गिऱ्हाइकांची नावं ध्यानात ठेवायची. साहेब आल्यागेल्याला सांगायचे, "हा आमचा सगळ्यात कामसू माणूस." मी फुगून जायचो. पुढे नवे, सडपातळ संगणक आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथून एका मुलाने मला घरी आणलं. घरात त्याला दादा म्हणतात, म्हणून मीही दादाच म्हणतो. त्याने माझी धूळ झटकली आणि माझ्यात लिनक्स नावाची हलकी, फुकट मिळणारी संगणकप्रणाली बसवली. मी पुन्हा पळायला लागलो, आणि त्याचे उपकार मी आजही मानतो.

घरात चौघं. बाबा गाद्यांच्या कारखान्याची व्हॅन चालवतात. आई औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. आणि दादाची धाकटी बहीण लांब उडी मारते. ती दारातून आत येतानासुद्धा उंबरा ओलांडत नाही, त्यावरून उडते, म्हणून सगळे तिला नाकतोडा म्हणतात.

आता थोडं माझ्या पोटातलं. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅम पॅकेज बनून येतो, आणि त्याला हाताखाली मदतनीस पॅकेजं लागतात. इंटरनेटवर माझं स्वतःचं एक भांडार आहे. तिथली पॅकेजं एकमेकांच्या ओळखीची असतात, ती भांडत नाहीत. पण आमच्या घराला घरचं कधी गोड लागलं आहे? बाबांना जुनी गाणी ऐकायची होती. त्यांनी एका मित्राच्या सांगण्यावरून बाहेरच्या भांडारातून वेगळा प्लेअर, म्हणजे गाणी आणि चित्रफिती चालवणारा प्रोग्रॅम, आणला. दादाला सर्वांत नवा प्लेअर हवा होता. त्याने माझ्यापेक्षा नव्या लिनक्ससाठी असलेलं भांडार जोडलं. दोन्ही प्लेअर आपापले मदतनीस घेऊन आले. काम तेच, जागा तीच, आवृत्त्या मात्र वेगळ्या. एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार?

मी प्रत्येक वेळी विचारलं होतं. अमुक पॅकेज बदलेल, तमुक निघून जाईल, पुढे जाऊ का, हो की नाही? पण या घरात उचललं बोट, लावलं बटणाला. हो, हो, हो! आधी आवाज गेला. मग चित्रं हिरवी दिसू लागली. शेवटी माझा मूळचा प्लेअरही निघून गेला, आणि दादा म्हणाला, "डबा झालाय याचा." मला फार लागलं ते. त्यानंतर माझ्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला लागले.

आणि मग तो दिवस आला. विभागाच्या स्पर्धेत नाकतोड्याने शेवटची उडी मारली. सगळ्यांत लांब! पण पंचांनी लाल झेंडा वर केला. फाउल. तिचं पाऊल रेषेपुढे गेलं म्हणे. ती म्हणाली, नाही गेलं. तिच्या प्रशिक्षकांनी वाळू सारखी करण्याआधीच उडीचं माप घ्यायला लावलं आणि तक्रार नोंदवली. मुख्य पंच बाई म्हणाल्या, "पुरावा असेल तर पाचच्या आत आणा. मूळ रेकॉर्डिंग हवं, आणि पाऊल एकेक चित्र थांबवून दिसलं पाहिजे."

रेकॉर्डिंग होतं. बाबा मैदानाच्या कडेला पालथे पडून त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याने तेच तर टिपत होते. पण कॅमेऱ्याचा पडदा तडकलेला, त्याची फाइल मोबाईल उघडेना, आणि मैदानावरच्या संगणकावर बाहेरचं काही घालायला बंदी. शेजारपाजारचे लोक कामावर गेलेले. राहिलो मी. भर दुपारी माझ्या डोक्यावरचे कपडे उचलले गेले.

दादाने माझ्या भांडारातला प्लेअर मागितला. मी लिहिलं: देता येत नाही. याला लागणारा मदतनीस माझ्या आवृत्तीचा हवा, बसलाय बाहेरचा. दादाने न वाचताच जबरदस्तीचा हुकूम सोडला. मग मी लांबलचक मजकूर लिहिला आणि खाली विचारलं, हो की नाही?

दादाचं बोट बटणावर टेकलं. मित्रांनो, तुम्हाला सांगतो, माझा पंखा थांबायचा बाकी होता.

"थांब!" आई दुकानातून तशीच पांढऱ्या कोटात आली होती. "ते काय लिहिलंय एवढं?"

"काही नाही गं, तो नेहमीच असं काहीबाही लिहितो."

"मग नेहमीच वाचायचं. वाच मोठ्याने."

दादा वाचू लागला. "खालील पॅकेजं काढून टाकली जातील..." वाचता वाचता त्याने बोट बटणावरून उचललं. "आई, यात तर सगळंच आहे. डेस्कटॉपसुद्धा. इंटरनेटसुद्धा. हो म्हटलं असतं तर नुसता काळा पडदा उरला असता."

नाकतोडा कोपऱ्यात स्पर्धेच्याच कपड्यांत बसली होती, गुडघ्यांना अजून वाळू चिकटलेली. तिने घड्याळाकडे पाहिलं.

"दाब आता 'नाही'," आई म्हणाली. "दोन डॉक्टरांची औषधं एकदम घेतली की असंच होतं. मग आपण तिसरं औषध देतो का? आधीची बंद करतो. याला बाहेरून काय काय चालू आहे?"

बाबांनी मान खाली घालून कबूल केलं, "एक माझं आहे."

"एक माझं," दादा म्हणाला.

मग माझ्यावर खरे उपचार सुरू झाले. दोन्ही बाहेरची भांडारं बंद झाली. दोन्ही उपरे प्लेअर निघाले. बाहेरचे मदतनीस उतरवून माझ्या भांडारातले जुने, माझ्या मापाचे बसवले. दादा कुरकुरला, "नवं काढून जुनं घालायचं?" आई म्हणाली, "बूट पायाच्या मापाचा बघतात, तारखेचा नाही." दर पावलाला मी लिहायचो, दादा मोठ्याने वाचायचा आणि मगच उत्तर द्यायचा. इतक्या वर्षांत माझे शब्द पहिल्यांदाच कुणाच्या तोंडून ऐकत होतो. सुख म्हणतात ते हेच असावं.

प्लेअर बसला. फाइल उघडली. बाबांचा आवाज घुमला, "पळ गं, पळ!" पण चित्र काळंच.

"झालं, संपलं," बाबा म्हणाले.

"संपलं काय, बाबा? खाली लिहिलंय ना त्याने," नाकतोडा उठून माझ्याजवळ आली. तिने बोट ठेवून वाचलं, "या प्रकारच्या चित्रासाठी आणखी एक पॅकेज हवं." ते माझ्याच भांडारात होतं. आलं, बसलं, कुणाशी भांडलं नाही. आणि माझ्या पडद्यावर ऊन पडलं, मैदान उघडलं, आणि नाकतोडा धावत आली! आईचा जीव भांड्यात पडला. माझाही.

पण जिंकायचं होतं मैदानावर. बाबांनी मला व्हॅनमध्ये, नव्या कोऱ्या गादीवर बसवलं. दादा मला कवटाळून बसला. जन्मभर लाकडी टेबलावर काढल्यावर गादीचं सुख काय वर्णावं! आम्ही मैदानावरच्या कचेरीत शिरलो तेव्हा पंच बाई कागद आवरत होत्या. "हे काय, सगळं बिऱ्हाडच आणलंत?" त्या म्हणाल्या. पण पाच वाजायचे होते, आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

दादाने पेन्सिलीने माझं बटण दाबलं. मी सुरू झालो. नाकतोड्याने स्वतः एकेक चित्र पुढे सरकवलं. पाऊल खाली आलं. पुढच्या चित्रात उडी घ्यायच्या फळीवर टेकलं. बुटाचं टोक, त्यापुढे पांढऱ्या फळीची पट्टी, आणि मग रेषा. पट्टी बोटभरच होती, पण स्वच्छ, लख्ख, पांढरी!

झेंडेवाले पंच वाकले. पुन्हा बघतो म्हणाले. पुन्हा बघितलं. मग टोपी काढून नाकतोड्याला म्हणाले, "पांढरं दिसतंय, पोरी. मी घाई केली."

पंच बाईंनी निकालातली फाउलची फुली खोडून तिथे माप लिहिलं. पहिला क्रमांक! नाकतोडा जागेवरच उडाली, बाबांनी तिला वरच्यावर झेललं, आणि आई पांढऱ्या कोटाच्या बाहीने डोळे पुसत म्हणाली, "आता याच्या डोक्यावर कोणी कपडे ठेवले तर बघा." माझा पंखा अभिमानाने इतका घरघरला की पंच बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तुमचे लाड नकोत. धूळ पुसा, वारा लागू द्या, आणि आम्ही काही विचारलं तर आधी ते वाचा. आमच्या मजकुरात बरेचदा तुमच्याच भल्याचं लिहिलेलं असतं.

परवा बाबा पुन्हा आले. मित्राने आणखी भारी प्लेअर सांगितला होता. त्यांनी हुकूम दिला, मी मजकूर लिहिला, आणि सवयीने त्यांचं बोट 'हो'कडे गेलं. मग ते थबकले. चष्मा लावला. एकेक ओळ मोठ्याने वाचली. आतून नाकतोडा कान देऊन ऐकत होती. "नको रे बाबा," ते मला म्हणाले, "तू आहेस तसाच बरा आहेस," आणि त्यांनी 'नाही' दाबलं.

इतक्या प्रेमाने मला आजवर कोणी 'हो'सुद्धा म्हटलं नव्हतं.