भोंग्याच्या आवाजाची बॅटरी

मित्रांनो, लॅपटॉप उलटा करून त्याचं खालचं झाकण उघडलंत, तर मनगटं टेकतात त्या पट्टीच्या मागे एक काळी, चपटी वस्तू दिसेल. ती मी. लॅपटॉपची बॅटरी. माणसाच्या हिशेबात माझं वय फार नाही, पण बॅटरीच्या हिशेबात मी म्हातारीच आहे. पडदा आणि बटणं सगळ्यांना माहीत असतात. माझी आठवण होते ती कोपऱ्यातली खूण तांबडी झाल्यावर.

मला स्वतःचे डोळे नाहीत. पण लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला वीज मीच पुरवते, तेव्हा त्याला दिसतं ते मला दिसलं असं धरायला हरकत नाही. ऐकूही येतं. ऊब मात्र मला सगळ्यांच्या आधी कळते.

माझा जन्म एका कारखान्यातला. धातूचे पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये कागदाहून नाजूक पडदे असे थरावर थर रचून मला बनवलं. मग मला भरलं, रिकामं केलं, पुन्हा भरलं. त्या परीक्षेत उतरल्यावर मला साधारण निम्मं भरून खोक्यात ठेवलं. यामागे कारण आहे. पोट निम्मं भरलेलं असलं की आम्ही सर्वांत निवांत असतो. गळ्यापर्यंत भरून ठेवलं की आतून ताण येतो, अगदी रिकामं पडू दिलं की त्रास होतो, आणि उष्णता तर आमची जन्माची वैरी. हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. मी ज्या घरी गेले तिथेही एकीला ठाऊक होतं. तरी व्हायचं ते झालंच.

ते घर एका निवृत्त आजोबांचं. आजोबा भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. त्यांचा आवाज शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायचा, म्हणून सगळा बाजार त्यांना ‘भोंगा’ म्हणायचा. पुढे घशाचा आजार झाला. शस्त्रक्रियेत जीव वाचला, आवाज गेला. त्यांची मुलगी विजेवर चालणाऱ्या बसच्या डेपोत कामाला होती. कोणती बस कधी आणि किती चार्ज करायची, हे ठरवणं तिचं काम. तिनेच हा लॅपटॉप आणला. आजोबांनी टाइप करायचं आणि लॅपटॉपने ते बोलून दाखवायचं.

पहिल्या दिवशी मुलीने आधी एक वाक्य बोलवून दाखवलं, मग आजोबांनी एका बोटाने तीन शब्द टाइप केले. लॅपटॉपमधून एका बाईचा गोड आवाज आला, “ही बाई कोण?”

“तुम्हीच,” आजी म्हणाल्या. “आणि बरं झालं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तुम्ही शेजाऱ्यांना ऐकू न जाता बोललात.”

आजोबांचं बोट पुन्हा फिरलं. “चहा,” बाई म्हणाली.

“घ्या! आवाज बदलला, माणूस तोच.”

पहिलं वर्ष चांगलं गेलं. रोज सकाळी आजोबा मला काखोटीला मारून बागेतल्या बाकावर जायचे. तिथे त्यांचा जुना मित्र यायचा. तो बाजारात माल तोलायचा, म्हणून त्याचं नाव ‘काटा’. एकाने भाव पुकारायचा, दुसऱ्याने वजन सांगायचं, असा दोघांचा संसार. बाकावर बसून दोघं येणाऱ्याजाणाऱ्यांची थट्टा करायचे, आणि ऊन चढेपर्यंत मी दमत नसे. “भोंग्या, तुझ्या या बाईला काही मर्यादा?” असं काटा म्हणाला की मला आतून बरं वाटायचं. माझ्यात इतका दम होता की चार्जरची आठवण संध्याकाळीच व्हायची.

एका सकाळी मात्र चार्ज करायचं राहून गेलं होतं. बाकावर चार-पाच जण जमले होते, आजोबा एक किस्सा सांगत होते, आणि ऐन रंगात पडदा काळा झाला. आजोबांनी सवयीने तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली.

“असू दे रे, उद्या सांग,” काटा म्हणाला. बाकीच्यांनी नजर दुसरीकडे वळवली. तेच आजोबांना लागलं.

घरी येऊन त्यांनी मला चार्जरला लावलं आणि दोन दिवस काही टाइपच केलं नाही. मग घरातल्या तिघांनी मिळून ठरवलं की हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. मुलीने दुसरा चार्जर आणला, एक पलंगाजवळ, एक स्वयंपाकघरात. वायर काढायचीच नाही. पडद्यावर कायम शंभर टक्के दिसले पाहिजेत. आजींनी जुन्या मऊ साड्यांचे थर घालून लॅपटॉपला गोधडीचं जाड कव्हर शिवलं, सगळीकडून घट्ट बसणारं.

“त्याला काय थंडी वाजते?” मुलीने विचारलं होतं.

“पडलं-बिडलं तर? यांचा आवाज आहे त्यात,” आजी म्हणाल्या, आणि विषय संपला.

मित्रांनो, माझ्यावर इतकं प्रेम कुणीच केलं नसेल, आणि त्या प्रेमानेच मी खंगले. गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपची हवा खेळायची छिद्रं गोधडीने बंद झाली. मी दिवसभर गळ्यापर्यंत भरलेली आणि दिवसभर तापलेली. चिडून, आपटून कुणी वापरलं असतं तरी इतक्या लवकर म्हातारी झाले नसते. आणि कुणाला पत्ताही लागला नाही, कारण वायर काढल्याशिवाय माझी ताकद कळत नाही आणि वायर काढायला कुणी धजत नव्हतं. पडदा रोज इमानदारीने शंभर दाखवायचा.

आजोबांचंही तसंच झालं. त्यांचा आवाज आता वायरीएवढाच लांब होता. पलंगाजवळ बोलायचे, स्वयंपाकघरात बोलायचे, आणि मधल्या खोलीत मुके. बागेत जाणं बंद पडलं. काटा घरी यायचा, पण पलंगाच्या कडेला बसून बाकावरच्या गप्पा होत नाहीत.

मग एके दिवशी तो आला तो बातमी घेऊनच. तो गाव सोडून मुलाकडे कायमचा राहायला निघाला होता.

त्या बाजारात एक रीत होती. कुणी कायमचं जायला निघालं की त्याच्या बसायच्या स्टुलाचा लिलाव करायचा. बोली पैशांची नाही, वचनाची. जाणाऱ्यासाठी तुम्ही काय कराल, ते बोलायचं. सगळ्यांत खरं वचन देणाऱ्याला स्टूल. आणि हा लिलाव आजवर भोंग्यानेच पुकारला होता.

“माझा पण तूच पुकारायचा,” काटा म्हणाला. “दुसऱ्याच्या तोंडून मी जाणार नाही. महिनाअखेरीला आहे. लाग तयारीला.”

“शेडमध्ये प्लग कुठे आहे?” आजोबांनी टाइप केलं.

“ऑफिसात. शेडपासून लांब. आणि मधून हातगाड्या जातात, वायर टाकलीस तर पहिल्या गाडीला तुटेल.”

दुसऱ्या दिवशी मुलीने वायर काढली. आजोबांनी पुकारा सुरू केला, “माल बघा, मंडळी, स्टूल बघा...” आणि आजींचा चहा उकळायच्या आत लॅपटॉप बंद पडला. पडद्यावर तेव्हाही चाळीस टक्के शिल्लक दिसत होते.

आजोबांनी बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. मुलीने कव्हरमध्ये हात घातला आणि चटकन बाहेर काढला.

“आई, हे काढ आधी.”

“अगं, इतकं छान बसलंय...”

“काढ म्हणते ना!” मग ती खालीच बसली. “डेपोत कुणी बस उगाच शंभरावर ठेवून उन्हात उभी केली तर मी त्याला चारचौघांत झापते. आणि घरात? बाबांचा आवाज गोधडीत गुंडाळून वर्षभर शिजवत ठेवला.”

“बस ती बस. हे आपलं माणूस आहे,” आजी पुटपुटल्या. “माणसाला उपाशी ठेवायचं?”

खरं सांगायचं तर आजींची काही चूक नव्हती. पण तापमानाला माया आणि निष्काळजीपणा यांतला फरक कळत नाही.

मुलीने लॅपटॉप गार होऊ दिला, मग खालचा पत्रा कुठे वर आलाय का ते सपाट टेबलावर ठेवून पाहिलं. बॅटरी फुगली असेल तर ती वापरायची नसते, दाबायची नसते, टोचायची तर मुळीच नाही. सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्यायची. मी फुगले नव्हते. तिने बॅटरीची माहिती उघडली. नवी असताना मी जेवढी वीज साठवायचे, त्याच्या निम्मीही आता साठत नव्हती. दुकानदार म्हणाला, मॉडेल जुनं आहे, बॅटरी मागवतो, पण महिनाअखेरीपर्यंत येईल असा शब्द देत नाही.

“म्हणजे आहे त्यातच भागवायचं,” मुलगी म्हणाली. “गेलेली ताकद परत येत नाही, बाबा. उरलेली सांभाळता येते.”

त्या दिवसापासून घराची शिस्त बदलली. लॅपटॉप टेबलावर आला, खाली हवा खेळेल असा. कव्हर आजींच्या पायांवर गेलं. मुलीने आधी एकदा मला पूर्ण वापरून मग पूर्ण भरलं, म्हणजे पडद्यावरचा आकडा तरी खरं बोलू लागला. हे कधीमधीच करायचं असतं, रोज नाही. एरवी चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबेल अशी सोय तिने लॅपटॉपमध्येच केली, आणि विसावर आलं की वायर लावायची असं आजोबांना बजावलं. पडद्याचा उजेड कमी केला. नको ते प्रोग्राम बंद केले, इंटरनेट बंद केलं.

“माझंही जेवण ऐंशीवर थांबवणार का?” बाई म्हणाली.

“तुमचं कधीच थांबवायला हवं होतं,” आजी म्हणाल्या.

आजोबा दिवसभर सराव करायचे. एका बोटाची आता चार बोटं झाली. ‘पुढे!’ आणि ‘एक वार’ यांना त्यांनी एकेक बटण लावून घेतलं. रोज वायर काढून पुकारायचे, रोज थोडे लांब जायचे. आधी मधली खोली, मग जिना, मग फाटक. मी तरुण झाले नव्हते, पण निदान घसरायची थांबले होते.

लिलावाच्या सकाळी मुलीने मला पूर्ण शंभर टक्के भरलं. गरजेच्या दिवशी भरायला काहीच हरकत नसते. बाजारात जाताना तिने लॅपटॉपची पिशवी उन्हात ठेवू दिली नाही. शेड माणसांनी भरली होती. मधोमध ते स्टूल, शेजारी काटा, आणि एका हमालाने लॅपटॉपपुढे बॅटरीवर चालणारा माइक धरला.

“स्टूल एक!” बाईचा आवाज पत्र्यावर घुमला. “तीन पाय शाबूत. चौथ्याचा भरवसा मालकाइतकाच.”

शेड हसली.

“मी दर आठवड्याला फोन करीन,” कांदेवाला ओरडला.

“त्याला कमी ऐकू येतं, तो उचलतच नाही. पुढे!”

“वर्षातून एकदा भेटायला जाईन.”

“बायकोला घेऊन की सोडून?”

“सोडून!”

“मग रोजच जाशील. पुढे!”

बोली चढत गेली. मी उतरत गेले. साठ, पन्नास, पस्तीस. शेवटी लिंबंवाल्या मावशी उठल्या.

“मी फोन-बिन काही करणार नाही,” त्या म्हणाल्या. “स्टूल माझ्या गाळ्यात राहील. त्यावर कुणाला बसू देणार नाही. तो जेव्हा येईल तेव्हा त्याला बसायला जागा असेल. एवढंच.”

कुणी हसलं नाही. आजोबांनी बटण दाबलं.

“एक वार. दोन वार. तीन वार.”

टाळ्या थांबल्यावर मुलगी वाकून म्हणाली, “बाबा, विसावर आलंय. बंद करते.”

आजोबांनी टाइप केलं, “बस तुझी. बॅटरी माझी.”

ती हसून बाजूला झाली. दोघं म्हातारे शेडच्या पायरीवर बसले. काट्याची गाडी यायला थोडा वेळ होता.

“भोंग्या, आता जाताना सांगतो. तू भाव जरा चढवूनच सांगायचास.”

“आणि तू जरा कमीच तोलायचास.”

“म्हणून तर हिशेब बरोबर यायचा.” काट्याने रस्त्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, “तिकडे येशील का रे? लांब आहे.”

मी पाचवर होते. आजोबांनी सावकाश टाइप केलं, “तुझ्या मुलाच्या घरी प्लग आहे ना? मग येतो.”

गाडी आली आणि वळणापलीकडे दिसेनाशी झाली. मग मी बंद पडले, त्याआधी नाही.

मित्रांनो, त्या दिवशी मी तळापर्यंत रिकामी झाले, आणि त्याचं मला दुःख नाही. रोज जपली गेले म्हणूनच त्या दिवशी पुरले. तेव्हा आमच्यावर माया करा, पण बेताने. आम्हाला सारखं ठासून भरू नका, रिकामं पडू देऊ नका, आणि मोकळी हवा द्या. हे वाचताना तुमचा लॅपटॉप उशीवर किंवा पांघरुणावर असेल, तर आधी उचलून टेबलावर ठेवा. त्याखाली हात लावून बघा. गरम लागला, तर आत माझ्यासारखी कुणीतरी आहे आणि तिला सांगता येत नाही.